समुद्राची घडवंची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या भगिनीने आपल्या छंदाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. विषयही चिटणीसबाईंनीच ठरवून दिला, "तुमच्या घरातल्या समुद्राविषयी सांगा." समुद्र हा शब्द मोठा झाला. माझ्याकडे आहे ती काचेची एक टाकी, तीत खारे पाणी आणि सात मासे. परंतु ही टाकी आधी दोन फुटांची होती, ती चार फुटांची झाली. आणि तिच्याखालची घडवंची आम्ही घरीच केली. त्या घडवंचीविषयी मला अधिक बोलायचे आहे.

रत्नागिरीत राहून मासे पाळते म्हटले की माणसे हसतात. बाजारात बांगड्याचा भाव करून यायचे आणि घरी येऊन दुसऱ्या माशांना खाऊ घालायचे, हा काय प्रकार, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. त्यांना मी सांगते, की ज्यांच्या दारात समुद्र आहे त्यांनी त्याला केवळ ताटातच ओळखावे असे थोडेच आहे? आपल्या गावात १९५८ साली सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याचे मत्स्यालय शाळेच्या सहलीत आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिले असेल. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. तेथे काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या मुलांपैकी मीही एक होते.

आणि हा छंद बायकांना परका आहे असेही कुणी समजू नये. काचेच्या टाक्यांत समुद्रातले प्राणी ठेवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या काही माणसांत एक बाई होती. जान विल्प्र-पॉवर हे तिचे नाव. मूळची फ्रान्समधली, पॅरिसला शिवणकाम-भरतकाम करणारी. लग्नानंतर ती सिसिली बेटावर मेसिना येथे राहिली आणि १८३२ च्या सुमारास तिने काचेच्या टाक्या करवून घेऊन सागरी जीवांचे निरीक्षण आरंभिले. दुसरी बाई इंग्लंडची, ॲना थिन. तिने १८४६ साली टॉर्की येथून काही जिवंत पोवळी लंडनला आणली. वाटेत ती हिंदकळू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ती एका स्पंजाला शिवून टाकली! लंडनमध्ये समुद्र नाही. तेच पाणी पुन्हा पुन्हा ताजे कसे करायचे? तर उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहायचे. हे ओतण्याचे काम तिच्या घरची कामकरी मुलगी करी. पुढे त्या भांड्यांत समुद्रातल्या वनस्पती घालून तिने तो संसार टिकवून दाखवला. सुई-दोरा आणि भांडी, ही दोन्ही आपलीच आयुधे की नाही?

ॲना थिनची ही हकिगत मला ठाऊक होती, ती मे २०२१ मध्ये उपयोगी पडली. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले ते दिवस आपणा सर्वांना आठवत असतील. वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. माझ्या दोन फुटी टाकीचा हवेचा पंप बंद पडला. मासे पाण्याच्या वर येऊन तोंड मारू लागले. मी आणि माझी मुलगी, दोघींनी पाळीपाळीने तांब्याने पाणी काढून वरून धार धरून सोडायला सुरुवात केली. दर पाच-दहा मिनिटांनी, पहाटेपर्यंत. चार मासे होते, त्यांतले तीन वाचले. चौथा, निळा डॅमसेल जातीचा, सकाळी तळाशी पडलेला दिसला. मुलीने त्याला नाव ठेवले होते. तिने विचारले, "आई, एवढे करूनही का गेला?"

त्या प्रश्नाचे खरे उत्तर पाण्याच्या मापात आहे. माशाला लागणारा प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत शिरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीला पृष्ठभाग दोन चौरस फूट. पाणी तरी किती? दगड-वाळू वजा जाता पंचेचाळीस लिटर. इतके पाणी लवकर तापते आणि लवकर नासते. भगिनींनो, वाटीभर आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडले तर ती तोंडात धरवत नाही. पंगतीच्या पातेल्यात तेवढीच चिमूट कुणाला कळतही नाही. टाकीचे अगदी तसेच आहे. टाकीतून रोज पाणी वाफ होऊन जाते, मीठ मात्र मागे राहते. लहान टाकीतले लिटरभर पाणी उडाले की उरलेल्या पाण्याचा खारटपणा मोठ्या टाकीपेक्षा अधिक वाढतो. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी नेहमी गोडे पाणीच घालायचे, खारे नव्हे. पुष्कळांना वाटते की लहान टाकी सोपी आणि मोठी अवघड. खाऱ्या पाण्यात हे उलटे आहे. लहान पाण्याला फार जपावे लागते. मोठे पाणी स्वतःला थोडेफार सांभाळून घेते.

तेव्हा मोठी टाकी घ्यायचे ठरले. लांबी चार फूट, रुंदी दीड फूट, उंची दीड फूट, काच दहा मिलिमीटर जाडीची. उंच टाकी दिसायला ऐटबाज असते, पण मी मुद्दाम बसकी घेतली, कारण तिला पृष्ठभाग सहा चौरस फूट मिळतो. माझी भिशी लागली होती, ती सारी त्या काचेला गेली.

टाकी ठरली आणि खरा प्रश्न उभा राहिला. ही ठेवायची कशावर? मी कागदावर हिशेब मांडला. पाणी सुमारे दोनशे लिटर, मिठासकट त्याचे वजन दोनशे पाच किलो. काच पन्नास किलो. वाळू आणि दगड सत्तर किलो. खालची घडवंची पंचेचाळीस किलो. बेरीज तीनशे सत्तर. हाताशी थोडे असावे म्हणून मी चारशे धरले. चारशे किलो म्हणजे आपल्या कार्यकारिणीच्या सातही जणी एका पाटावर बसल्या असे समजा. (वजने मी कुणालाही विचारलेली नाहीत, अंदाजाने बोलते आहे!)

आमचे बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर. खाली राहणाऱ्या वहिनी आज येथे समोरच बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांनी मला जिन्यात गाठले आणि म्हणाल्या, "अहो, तुमचे मासे एक दिवस आमच्या आमटीत पडायचे नाहीत ना?" त्या हसून म्हणाल्या खऱ्या, पण त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, आणि ती रास्त होती. माझा छंद माझ्या घरात, पण त्याचे ओझे त्यांच्या डोक्यावर! म्हणून टाकीची पेढी गाठण्याआधी आम्ही दोघी मिळून एका बांधकाम अभियंत्याकडे गेलो, इमारतीचा नकाशा घेऊन. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे दोनशे किलोचा भार धरतात. माझ्या टाकीच्या तळाखाली हाच आकडा सातशेच्या वर जात होता. अभियंत्याने समजावून सांगितले, की तो दोनशेचा आकडा सबंध खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो. जड वस्तू खोलीच्या मध्यावर कधी ठेवू नये. भिंतीलगत, खालून तुळई जाते तेथे ठेवावी. त्यांनी नकाशावर जागा आखून दिली. आमची तुळई दिवाणखान्याच्या पश्चिमेच्या भिंतीखाली आहे, टाकी तेथेच बसवली. हा होकार आमच्या इमारतीपुरता आहे. कुणाला असे काही करायचे असेल तर आपल्या इमारतीचा नकाशा दाखवून विचारावे, माझा दाखला देऊ नये.

आता लाकूड. आमचे जुने कौलारू घर पाडून तेथे ही इमारत उभी राहिली. त्या वेळी सासूबाईंनी काही सागवानी खांब, वासे आणि माजघराची एक तुळई विकू दिली नव्हती. ती सारी तळमजल्याच्या जिन्याखाली पडून होती. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी म्हण आहे. आमचे वासे मात्र फिरले नाहीत. मी ते ठोकून पाहिले. वाळवी लागलेले लाकूड पोकळ वाजते, चांगले लाकूड टणक वाजते. टोकदार लोखंडाने टोचून पाहिले. जुन्या लाकडात मोडके खिळे दडलेले असतात, ते लोहचुंबक फिरवून शोधले आणि उपटून काढले, नाहीतर करवतीचे दात जातात. मग वखारीत नेऊन तीन इंच चौरस पाय कापून आणले.

त्या तुळईला झोपाळ्याच्या कड्यांची दोन भोके होती. सासूबाई म्हणाल्या, "ही भोके बुजवू नका हो. ह्या झोपाळ्यावर तुझा नवरा वाढला." भोक पडलेले लाकूड भाराखाली देणे बरे नव्हे. म्हणून तो तुकडा मी खालच्या आडव्या पट्टीला वापरला. तेथे पाय एकमेकांना धरून ठेवायचे असतात, वजन पेलायचे नसते. भोकेही राहिली, भारही सुरक्षित राहिला.

घडवंची आपण सर्वजणींनी पाहिलेली आहे. पूर्वी स्वयंपाकघरात पाण्याच्या कळशा आणि हंडे तीवरच असत. तिचे तत्त्व एकच. वजन सरळ खाली जमिनीला पोचले पाहिजे. वरची पट्टी पायांच्या डोक्यावर टेकलेली हवी. पायांच्या अंगाला खिळ्याने टांगलेली पट्टी कामाची नाही, कारण मग सारे ओझे खिळ्यावर येते. लाकडाने लाकडावर उभे राहायचे, स्क्रूने नुसते धरून ठेवायचे. चार कोपऱ्यांना चार पाय आणि लांबीच्या मध्यावर पुढे-मागे दोन, असे मी सहा पाय दिले. वरून येणाऱ्या भाराने पाय सहसा मोडत नाहीत. घडवंची पडते ती एका अंगाला लचकून. लहान मूल धावत येऊन आदळले की तिने लचकू नये, म्हणून पाठीला सबंध प्लायवूडची फळी मारली. स्क्रू गंज न धरणाऱ्या पोलादाचे घेतले. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळ्याचे काय होते ते मी रत्नागिरीकरांना सांगायला नको.

गुण्या, ओळंबा आणि पाणसळ ही तीन हत्यारे मी शेजारच्या गवंडीकाकांकडून मागून आणली. चौकट काटकोनात आहे की नाही ते पाहायला सोपी युक्ती आहे. दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत, सारखे भरले तर चौकट बरोबर. आपण चौकोनी रुमालाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून तपासतो तसेच हे. यात शिवणाऱ्या बाईला अवघड असे काही नाही. जी बाई चोळीच्या कापडातून इंचही वाया जाऊ देत नाही, तिला लाकडाचे माप का जमू नये? हे सुटीच्या दिवशी करवत धरून देत, कापण्याच्या खुणा मी करीत असे. पंधरा दिवसांत घडवंची उभी राहिली. तीन हात रंग दिला. वर जाड प्लायवूड आणि त्यावर थर्मोकोलचा पातळ थर अंथरला, म्हणजे एखादा वाळूचा खडा काचेला टोचत नाही.

मंडळाच्या चौघीजणी मदतीला आल्या. टाकी चढवण्यापूर्वी त्या चौघी घडवंचीवर ओळीने बसून पाहिल्या. काही करकरले नाही. मग चौघींनीच टाकी उचलून वर ठेवली. पहिले दोन दिवस नुसते गोडे पाणी भरून ठेवले. सांध्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, ओल आली तर कळावी म्हणून. चारही कोपऱ्यांशी काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजले, ते सारखे भरले. खाली वहिनींनी आपल्या छताला पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी त्या वर येऊन म्हणाल्या, "भरा आता तुमचा समुद्र."

समुद्राचे पाणी आम्ही आरे-वारेकडून आणले, वीस लिटरचे आठ कॅन, भरतीच्या वेळी. भाट्याला काजळी नदी समुद्रास मिळते. तेथे गोडे पाणी मिसळते, म्हणून तेथले घेत नाही. पावसाळ्यात तर किनाऱ्याचे सगळेच पाणी गढूळ आणि कमी खारट होते. तेव्हा मत्स्यालयाचे तयार मीठ लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने गोड्या पाण्यात विरघळवते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी कितीतरी क्षार असतात. खारटपणा मोजायची एक लहानशी काचनळी मिळते. तिच्यावर १.०२५ च्या आसपास आकडा आला की पाणी बरोबर.

सर्वांत नाजूक काम माशांच्या स्थलांतराचे. टाकीतली खरी राखण करणारी मंडळी डोळ्यांना दिसत नाहीत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो विषारी असतो. दगडांवर आणि वाळूत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. कोऱ्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे जातात. ते पाण्यात फारसे नसतात, दगडाला चिकटून असतात. म्हणून जुने दगड आणि गाळणीतला स्पंज खाऱ्या पाण्यातच भिजत ठेवून नव्या टाकीत हलवले. नळाच्या पाण्याचा थेंबही लागू दिला नाही, कारण त्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. दह्याचे विरजण जपावे तसे ते जपायचे. जुन्या वाळूत घाण साचलेली असते. ती जुन्याच खाऱ्या पाण्यात खळबळून घेतली आणि थोडीच वापरली. तोवर मासे बादलीत होते, पंप लावून. जुने-नवे पाणी हळूहळू मिसळत संध्याकाळी त्यांना सोडले. पुढे पंधरा दिवस रोज थेंब टाकून अमोनिया तपासला आणि खाणे निम्म्यावर ठेवले. तिन्ही मासे तरले.

टाकी मोठी झाली म्हणून पाहुणे भराभर वाढवायचे नाहीत, हेही सांगून ठेवते. वर्षभरात मी चारच मासे नवे आणले, आणि तेही माणसाने पैदास केलेले. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास करण्याची पद्धत बसवली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर स्त्रियांनी शोभेच्या सागरी कोळंब्या वाढवण्याचे काम शिकून घेतले आहे. जिवंत पोवळी आणि समुद्रघोडे मात्र कुणी कितीही आग्रहाने देऊ केले तरी घेऊ नयेत. २००१ सालापासून त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. माझ्या टाकीतले दगड मातीचे भाजलेले आहेत. माशांची त्यांच्याविषयी काही तक्रार नाही.

मोठी टाकी आली त्यानंतरच्या पावसाळ्यात एकदा पाच तास वीज गेली. मी तांब्या हाताशी घेऊन बसले होते. बॅटरीवर चालणारा लहान पंपही आता घरात आहे, तो लावला. पण पाण्याचे तापमान अर्ध्या अंशानेही हलले नाही आणि मासे तळाशी आपल्या जागी स्वस्थ होते. तांब्या तसाच राहिला. मुलगी काचेजवळ बसून होती. ती म्हणाली, "आई, हे पाणी घाबरत नाही." तिच्या त्या जुन्या प्रश्नाला माझ्याजवळ याहून चांगले उत्तर नव्हते.

भगिनींनो, पाहुणे येतात ते मासे पाहतात. घडवंचीकडे कुणी पाहत नाही, आणि तसेच असायला हवे. पण मोठ्या पाण्याला मोठा आधार लागतो, आणि तो आधार कुणाच्या भरवशावर न ठेवता मापाने, हिशेबाने आणि शेजाऱ्यांना विचारून उभा करता येतो. आपल्या मंडळाचेही असेच आहे. आरंभी मंडळ लहान होते, तेव्हा एकीने रुसवा धरला तरी सारे हिंदकळे. आज संख्या वाढली आहे, कार्ये वाढली आहेत. मात्र जमाखर्चाची वही वेळेवर लिहिणारी, सतरंज्या मोजून ठेवणारी, आजारी भगिनीच्या घरी डबा पोचवणारी, हे आपल्या घडवंचीचे पाय आहेत. वर्धापनदिनी त्यांची आठवण करावी, एवढेच मला सुचवायचे होते.

ज्या भगिनींना टाकी पाहायची असेल त्यांनी कोणत्याही शनिवारी संध्याकाळी यावे. मुलांना जरूर आणावे. गुण्या आणि पाणसळ मी आता माझी स्वतःची घेतली आहेत, कुणाला हवी असल्यास मागून न्यावीत, परत मात्र आणून द्यावीत!